घटकराज्याला देशातून बाहेर पडण्याचा कायदेशीर हक्क असतो का?

तळकोकणी (सावंतवाडी) :

आमच्या वाचनालयात संविधानावर चर्चेच्या बैठका होतात. त्यांपैकी एका बैठकीत एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारले की, सावंतवाडीच्या संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सही केली म्हणून संस्थान भारतात आले, तर जे सहीने आत आले त्याला सही मागे घेऊन बाहेर का जाता येऊ नये? एका ज्येष्ठ सभासदांनी असले प्रश्न विचारू नयेत असे सांगून विषय मिटवला. विद्यार्थ्याला कोठेही बाहेर पडायचे नव्हते, त्याला फक्त कायद्याची बाजू समजून घ्यायची होती, आणि ती त्याला कोणी तरी नीट सांगायला हवी असे मला वाटते.

माझे मत आधीच मांडून ठेवतो, म्हणजे ते खोडून काढणे इतरांना सोपे जाईल. सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे गेले होते हे खरे आहे. परंतु १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात गेला, १९५० मध्ये संविधान लागू झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. सही करणारे संस्थानच आज अस्तित्वात नाही, मग सही मागे घेणार कोण? मुरुडच्या जंजिरा संस्थानाचीही हीच कथा आहे. आणि महाराष्ट्राने तर कशावरच सही केलेली नाही, कारण तो संसदेने १९६० साली केलेल्या मुंबई पुनर्रचना कायद्यातून जन्माला आला आहे. जे कराराने आत आलेच नाही त्याला करार मोडून बाहेर पडता येत नाही, असे मला वाटते. जाणकारांनी यावर लिहावे.

सहहिस्सेदार (देवगड) :

तळकोकणी यांचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण तो मला अपुरा वाटतो. आमच्या कलमांच्या बागेच्या सातबाऱ्यावर इतकी नावे आहेत की उतारा वाचता वाचता चहा गार होतो. त्यांतल्या कोणीही आजोबा-पणजोबांच्या एकत्र कुटुंबात सही करून प्रवेश घेतलेला नाही, सगळे जन्माने आले आहेत. तरीही त्यांच्यापैकी कोणीही उद्या वाटणीचा दावा लावू शकतो. मग करार नव्हता एवढ्याच कारणाने बाहेर पडण्याचा हक्क नाही, असे कसे म्हणता येईल?

कोर्टाची पायरी (रत्नागिरी) :

सहहिस्सेदार यांनी दाखला चांगला दिला आहे. उत्तर असे की, वाटणी मागणाऱ्याचा हिस्सा वाटणीच्या आधीपासून अस्तित्वात असतो, न्यायालय तो केवळ मोजून वेगळा करून देते. भारतातील राज्यांचा देशाच्या भूमीत असा कोणताही आधीचा हिस्सा नाही. त्यांच्या सीमा, त्यांची नावे आणि त्यांचे अस्तित्वसुद्धा संसदेच्या साध्या कायद्याने बदलता येते.

संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात भारत हा ‘राज्यांचा संघ’ असेल असे म्हटले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शब्दयोजनेचा खुलासा केला. भारताचे संघराज्य हे राज्यांनी आपसांत केलेल्या कराराचे फलित नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, असे त्यांनी सांगितले. हाच मुद्दा सिद्ध करण्यासाठी अमेरिकेला यादवी युद्ध लढावे लागले, तेव्हा तो वादासाठी मोकळा ठेवण्यापेक्षा आरंभीच स्पष्ट केलेला बरा, असे मसुदा समितीला वाटले. (बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यातले. या चर्चेत त्यांचे नाव घेताना आम्हा रत्नागिरीकरांचा आवाज थोडा चढतो, त्याला इलाज नाही.)

दुसऱ्या अनुच्छेदाने नवी राज्ये संघात दाखल करून घेता येतात, तिसऱ्याने असलेल्या राज्यांची जोडतोड करता येते. संघातून बाहेर जाण्याबद्दल मात्र एकही अनुच्छेद नाही. तिसऱ्या अनुच्छेदानुसार विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येते आणि संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, परंतु ते मत संसदेवर बंधनकारक नसते. हे ठरवून देणारा खटला आपल्याच मुंबई राज्याविषयीचा होता. १९५६ च्या पुनर्रचना विधेयकात मुळात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक सुचवले होते, त्यावर मुंबई विधिमंडळाचे मत घेतले गेले, आणि नंतर संसदेने तिन्ही एकत्र करून द्विभाषिक राज्य केले. बदललेल्या प्रस्तावावर पुन्हा मत का विचारले नाही, अशी तक्रार घेऊन बाबूलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले. पुन्हा विचारण्याची गरज नव्हती, असा निर्णय न्यायालयाने दिला. तेलंगणाच्या वेळी तर आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक नाकारण्याचा ठराव केला होता, तरीही २ जून २०१४ रोजी नवे राज्य अस्तित्वात आले.

म्हणून माझ्या मते खरा मुद्दा या असमतोलात आहे. राज्य संघाला मोडू शकत नाही, संघ मात्र राज्याला मोडू शकतो. विधी महाविद्यालयांत ‘अविनाशी संघ, विनाशी राज्ये’ असे जे पाठ करून घेतात, त्याचा अर्थ एवढाच आहे.

पेडणेकार (पेडणे, गोवा) :

या चर्चेत गोव्याचा उल्लेख लवकरच होणार आणि चुकीचा होणार, अशी मला खात्री असल्यामुळे मीच आधी लिहितो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जो जनमत कौल झाला तो भारतात राहावे की नाही यावर नव्हता. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने तो केंद्रशासित प्रदेश म्हणून संविधानात दाखल झाला, तेव्हाच तो प्रश्न संपला होता. कौलात दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीन व्हायचे (दमण आणि दीव यांच्यासाठी गुजरातेत), की केंद्रशासित प्रदेश म्हणूनच राहायचे. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१, म्हणजे ३४,०२१ मतांनी दोन पाने जिंकली. आमच्या घरातली वडीलधारी माणसे फुलाची होती आणि अजूनही या विषयावर जेवणाच्या पानावर आवाज चढतात.

येथे महत्त्वाचे हे की, गोव्याच्या लोकांना हा कौल मागण्याचा कोणताही मूळ हक्क नव्हता. संसदेने १९६६ साली खास कायदा केला म्हणून तो झाला. निवडणूक नि:पक्षपाती व्हावी म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने त्याआधी राजीनामा दिला, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. पुढे ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. लोकांना विचारून राज्याचे भवितव्य ठरवण्याचा हा आपल्याकडचा विरळा दाखला आहे, पण तो देशाच्या चौकटीच्या आतला आहे.

मांडवी (रत्नागिरी) :

मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे इतर देशांतील स्थितीबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

अमेरिकेचा दाखला ‘कोर्टाची पायरी’ या वकीलसाहेबांनी दिलाच आहे. तेथे अकरा राज्ये फुटली, १८६१ ते १८६५ युद्ध झाले, आणि तरीही कायद्याचा निर्णय १८६९ साली आला, तोही एका कर्जरोख्यांच्या वादात. युद्धकाळात टेक्ससच्या बंडखोर सरकारने राज्याच्या मालकीचे केंद्रीय रोखे विकले होते, ते परत मिळावेत म्हणून टेक्ससने दावा लावला. टेक्सस त्या काळात संघाचे राज्य होते तरच त्याला सर्वोच्च न्यायालयात थेट दावा लावता येणार होता, म्हणून टेक्सस खरोखर बाहेर पडले होते काय, हे आधी ठरवणे भाग पडले. न्यायालय म्हणाले की ते कधी बाहेर पडलेच नव्हते, त्याचा फुटण्याचा ठराव मुळातच शून्यवत होता. मात्र त्याच निकालात दोन वाटा उघड्या ठेवल्या आहेत, क्रांतीची आणि इतर राज्यांच्या संमतीची. तळकोकणी यांच्या युक्तिवादाला हा निकाल थोडा छेद देतो, कारण अमेरिकेची मूळ तेरा राज्ये संघाच्या आधीपासून होती आणि ती स्वतःच्या संमतीने आत आली होती, तरीही त्यांना बाहेर पडण्याचा एकतर्फी हक्क मिळाला नाही.

मला सर्वांत विचारपूर्वक वाटतो तो कॅनडाचा निकाल. क्वेबेक प्रांतात १९८० आणि १९९५ असे दोन वेळा सार्वमत झाले. दुसऱ्या वेळी विरोधातील मते ५०.५८ टक्के होती, म्हणजे देश केसाच्या अंतरावर राहिला. त्यानंतर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले आणि २० ऑगस्ट १९९८ रोजी न्यायालयाने दोन्ही बाजूंना अपुरे वाटेल असे उत्तर दिले. क्वेबेकला एकतर्फी बाहेर पडण्याचा हक्क राज्यघटनेनेही दिलेला नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानेही नाही. परंतु स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, तर उर्वरित कॅनडाला तो कानाआड करता येणार नाही, वाटाघाटी कराव्याच लागतील. स्पष्ट बहुमत म्हणजे किती, हे न्यायालयाने सांगितले नाही, आणि २००० साली संसदेने केलेल्या कायद्यातही आकडा नाही. क्री या आदिवासी समाजाने १९९५ मध्येच स्वतःचे वेगळे मतदान घेऊन क्वेबेकबरोबर कॅनडातून बाहेर जाण्यास ९६ टक्क्यांहून अधिक मतांनी नकार दिला होता, हेही येथे नोंदवायला हवे. प्रांताला देशापासून तुटता येत असेल, तर प्रांतातल्या प्रदेशाला प्रांतापासून का नाही, या प्रश्नाला फुटीरवाद्यांकडे आजवर चांगले उत्तर नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात लिहिते. स्कॉटलंडचे २०१४ चे सार्वमत लंडनच्या संमतीने झाले, आणि पुढे संमतीविना दुसरे घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला नाही असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकमताने सांगितले. स्पेनने राष्ट्राची अविभाज्यता घटनेतच लिहिली आहे, त्यामुळे २०१७ मध्ये कॅटलोनियाने घेतलेले सार्वमत बेकायदा ठरले आणि नेते तुरुंगात गेले. याउलट इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेचा एकोणचाळिसावा अनुच्छेद बाहेर पडण्याचा हक्क स्पष्टपणे देतो. सोव्हिएत संघाच्या घटनेतही तो होता, पण तो वापरण्याची पद्धत सांगणारा कायदा १९९० च्या एप्रिलपर्यंत झालाच नाही, आणि झाला तेव्हा दोन तृतीयांश मते नि पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ अशा अटी घालून आला. तोवर बाल्टिक देश दाराबाहेर उभे होते.

तळकोकणी (सावंतवाडी) :

मांडवीताई, टेक्ससचा मुद्दा मान्य आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे अधिक नेमके होते. करार नसणे हे आपल्याकडील नकाराचे कारण आहे, पण करार असता तरी हक्क मिळालाच असता असे नाही.

दर्यावर्दी (मालवण) :

वाचून ज्ञानात भर पडली, पण एक गोष्ट खटकते. २०१५ मध्ये बांगलादेशाबरोबर, एका देशाच्या पण चहूबाजूंनी दुसऱ्याच्या मुलुखाने वेढलेल्या छोट्या छोट्या वसाहतींची अदलाबदल झाली, तेव्हा भारताची भूमी दुसऱ्या देशाकडे गेलीच ना? मग भूमी जाऊ शकते आणि राज्य जाऊ शकत नाही, हे कसे?

कोर्टाची पायरी (रत्नागिरी) :

दर्यावर्दी यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. भूमी देशाबाहेर देता येते, पण ती देण्याचा अधिकार देशाचा आहे, राज्याचा नाही. बेरुबारी या पश्चिम बंगालमधील भागाचा अर्धा हिस्सा पाकिस्तानला देण्याचे पंतप्रधान नेहरूंनी मान्य केले होते, तेव्हा राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. १९६० साली न्यायालयाने सांगितले की, तिसऱ्या अनुच्छेदाखालील साधा कायदा येथे पुरणार नाही, कारण तो देशांतर्गत जोडतोडीसाठी आहे. परक्या देशाला भूमी द्यायची तर घटनादुरुस्तीच करावी लागेल. त्यानुसार नववी घटनादुरुस्ती झाली. आपण म्हणता ती अदलाबदलही १०० व्या घटनादुरुस्तीनेच झाली. त्यात भारताकडील १११ वसाहती तिकडे आणि त्यांच्याकडील ५१ इकडे आल्या.

मग पुढचा प्रश्न असा की, याच मार्गाने घटनादुरुस्ती करून एखादे संपूर्ण राज्य संमतीने वेगळे करता येईल काय? असा प्रश्न कोणत्याही न्यायालयासमोर थेट आलेला नाही. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली घटनेच्या मूलभूत चौकटीची, म्हणजे घटनादुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या गाभ्याची, कल्पना आली, आणि तिच्यातील घटक मोजताना काही न्यायमूर्तींनी देशाची एकता आणि अखंडता यांचाही समावेश केला. त्यामुळे अशी दुरुस्ती संसदेने केली तरी ती न्यायालयात टिकेल असे मी कोणत्याही अशिलाला सांगणार नाही. सीमेवरच्या काही वसाहतींची अदलाबदल आणि एका राज्याची रवानगी यांत प्रमाणाचा फरक इतका मोठा आहे की तो गुणाचाच फरक होऊन बसतो.

सहहिस्सेदार (देवगड) :

आमच्याकडे चहाच्या टपरीवर वेगळ्या कोकण राज्याचा विषय अधूनमधून निघतो. तो बोलणाराही गुन्हेगार ठरतो काय? आणि हा धागासुद्धा?

कोर्टाची पायरी (रत्नागिरी) :

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे, पण कारणे वेगळी आहेत. वेगळे कोकण राज्य, वेगळा विदर्भ किंवा बेळगाव महाराष्ट्रात यावे ही मागणी देशाच्या आतली आहे आणि तिसरा अनुच्छेद तिच्यासाठीच आहे. वेगळ्या विदर्भाची शिफारस तर खुद्द राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली केली होती. बेळगावबाबत महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, म्हणजे त्यात चोरटे काहीच नाही. कोकण राज्याची कल्पना मला स्वतःला परवडणारी वाटत नाही, पण तो वेगळा धागा आहे.

देशातून फुटून निघण्याची मागणी मात्र एके काळी निवडणुकीच्या व्यासपीठावरून उघडपणे करता येत होती. द्रमुकचे नेते अण्णादुराई यांनी १९६२ मध्ये राज्यसभेतील आपल्या भाषणात द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेतील वेगळ्या द्रविड देशाची, मागणी केली होती. त्यानंतर १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने भाषण, सभा आणि संघटना या तिन्ही स्वातंत्र्यांवर देशाच्या सार्वभौमत्वासाठी आणि अखंडतेसाठी निर्बंध घालण्याची सोय केली, आणि उमेदवारांच्या शपथेतही ते शब्द आणले. द्रमुकने त्याच वर्षी ती मागणी सोडली आणि चार वर्षांनी मद्रास राज्यात सत्ता मिळवली, हे घटनाकारांच्या बाजूचे मोठे यश मानावे असे मला वाटते. १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात फुटीरतेचे समर्थन करणारी कृती ‘बेकायदा कृत्य’ ठरते, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १५२ व्या कलमात अशा कृतींसाठी शिक्षा आहे. कायदा काय आहे याची चिकित्सा करणे आणि फुटण्यासाठी लोकांना चेतवणे यांत अंतर आहे. नुसत्या तुरळक घोषणांमुळे राजद्रोह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या बलवंत सिंग खटल्यात म्हटलेले आहे.

पेडणेकार (पेडणे, गोवा) :

आंतरराष्ट्रीय कायद्यात प्रत्येक जनसमूहाला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असे समाजमाध्यमांवर ठणकावून सांगितले जाते. त्याचे काय?

मांडवी (रत्नागिरी) :

तो हक्क मुख्यतः परकीय साम्राज्यांच्या ताब्यातील वसाहतींसाठी विकसित झाला. संयुक्त राष्ट्रांचा १९७० चा जाहीरनामा स्वयंनिर्णय मान्य करतानाच देशांच्या प्रादेशिक अखंडतेला धक्का लावू नये असेही बजावतो. भारताने १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात सामील होताना, हा हक्क परकीय सत्तेखालील लोकांपुरताच आहे आणि सार्वभौम देशातील एखाद्या गटाला तो लागू नाही, अशी नोंद करून ठेवली आहे. सर्बियापासून वेगळे होण्याची घोषणा करणाऱ्या कोसोव्होबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये एवढेच म्हटले की, स्वातंत्र्याची घोषणा करण्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही. बाहेर पडण्याचा हक्क होता की नाही, याचे उत्तर देण्याचे न्यायालयाने टाळले. प्रत्यक्षात नवा देश टिकतो तो इतर देशांच्या मान्यतेने. दक्षिण सुदानला २०११ मध्ये खार्टूमची, म्हणजे सुदान सरकारची, संमती होती म्हणून दारे पटकन उघडली, कोसोव्हो अजून संयुक्त राष्ट्रांत नाही.

दर्यावर्दी (मालवण) :

आमच्या बंदरावर हा विषय काढला तर पहिला प्रश्न समुद्राचा येईल. परराज्यांतील ट्रॉलर आमच्या हद्दीत येतात तेव्हा लोक ‘आमचा दर्या’ असे म्हणतात. किनाऱ्यालगतचा समुद्र राज्याच्या मालकीचा असतो, की तोही केंद्राचा?

कोर्टाची पायरी (रत्नागिरी) :

हा प्रश्न विषयाला धरूनच आहे, कारण राज्याला स्वतःची म्हणावी अशी भूमी कितपत आहे ते येथे दिसते. संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदाप्रमाणे प्रादेशिक समुद्राच्या, सागरमग्न खंडभूमीच्या (किनाऱ्यापुढे पाण्याखाली पसरलेल्या भूभागाच्या) आणि अनन्य आर्थिक क्षेत्राच्या (ज्यातील साधनसंपत्तीवर देशाचा हक्क असतो अशा दूरवरच्या समुद्रपट्ट्याच्या) तळाखालची जमीन, खनिजे आणि इतर मोलाच्या वस्तू केंद्राकडे निहित आहेत, मग तो किनारा मालवणचा असो की मंगळूरचा. मासेमारी हा विषय राज्यसूचीत आहे, परंतु प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी केंद्रसूचीत आहे. म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत कोणत्या नौकेने, कोणत्या जाळ्याने आणि कोणत्या काळात मासे धरावेत हे महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा ठरवतो, आणि परराज्यातील ट्रॉलरवर कारवाई होते ती त्याच अधिकाराने. बारा मैलांच्या पुढे राज्याचा शब्द चालत नाही. आणि तळाखाली तेल निघाले, तर ते अगदी किनाऱ्याजवळचे असले तरी त्यावर राज्याला मालकीचा दावा लावता येत नाही.